अडकलेल्या कॉम्प्युटरांची सकाळ

तिरुप्पूरच्या त्या रंगाईखान्यात पूंगोडीने सकाळी आल्या आल्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकाच कामाला जुंपले. कोणता कपडा कोणत्या यंत्रात कधी रंगवायचा, हे ठरवणं तिचं काम. काळ्यामागून पांढरा लावला की यंत्र धुण्यातच दुपार जायची, आणि परदेशी जाणारा माल या आठवड्यात निघाला नाही तर मोठं गिऱ्हाईक तुटणार होतं. जुळण्या इतक्या, की एकटा कॉम्प्युटर महिनाभर हिशेब करत बसला असता. म्हणून तिने तो हिशेब सगळ्या कॉम्प्युटरांत वाटून दिला. प्रत्येकाने आपापला वाटा एकाच वेळी सोडवायचा. मालक वेलुच्चामींना तिने विचारलं होतं. ते फोनवर होते, त्यांनी मान हलवली. ती मान फोनवरच्या माणसासाठी होती, हे नंतर कळलं.

थोड्याच वेळात हिशेबनीस चोक्कलिंगम यांचा कॉम्प्युटर ढिम्म झाला. मग विक्रीवाल्यांचे. मॅनेजर तंगवेलू दर तासाला ‘तातडीचं, आधी हे लावा’ अशी चिठ्ठी छापून खाली यंत्रांवर धाडायचे. त्यांचंही सगळं ठप्प. ते तणतणत आले.

“हे बंद कर, पूंगोडी.”

“नाही करणार, सर. मध्येच थांबवलं तर पहिल्यापासून सुरुवात.”

“माझाही कॉम्प्युटर घेतलास?”

“तोच सगळ्यात जोरात पळतोय. ताजातवाना आहे, आजवर फारसं काम पडलेलं नाही त्याला.”

तंगवेलू विजेच्या मुख्य बटणाकडे वळले, तशी ती खुर्ची ओढून बटणासमोरच बसली. त्यांनी मालकांना बोलावून आणलं. तरी ती उठली नाही. कामावरून काढायचं तर काढून टाका, म्हणाली, पण उत्तर आल्यावर.

जेवणाच्या सुट्टीआधी उत्तर आलं. सगळा माल वेळेत बसत होता. तेवढ्यात खालच्या रंगाई विभागाची प्रमुख राक्कम्मा वर आली. इतका माल एका सकाळी कधी निघाला नव्हता, असं तिने सांगितलं, आणि काळजीने विचारलं, “वरून एकही चिठ्ठी नाही. यंत्रं थांबलीच नाहीत. सगळे आजारी आहेत का?”

मालकांनी एकदा तंगवेलूंकडे पाहिलं. मग पूंगोडीला म्हणाले, “उद्याही लाव हे.”

“उत्तर मिळालंय, सर. आता गरज नाही.”

“उत्तराचं राहू दे गं. यांचे कॉम्प्युटर अडकलेले बरे.”

एवढी मेहनत करून हे ऐकायचं! पूंगोडीचे कान तापले.

“मग भिंतीवर वेळापत्रक माझंच लागेल, आणि त्यात कुणी हात घालायचा नाही. नाहीतर आत्ता सगळ्यांचे कॉम्प्युटर मोकळे करते.”

“नको, नको,” म्हणत मालक स्वतःच टाचण्या शोधायला उठले.