साहेबांचे वजन : बहात्तर किलो

"बावीस वर्षांत माझा एक कागद परत आलेला दाखवा, मिशी उतरवून देतो!"

मंत्र्यांचे पीए हे वाक्य दिवसातून निदान दोनदा म्हणत. ऑफिसात सगळे त्यांना अचूकराव म्हणायचे, आणि तो टोमणा आहे हे एका अचूकरावांना सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

तर झालं असं, की साहेबांना डोंगरापलीकडच्या धरणाची पाहणी करायची होती. दरड कोसळून मोटारीचा रस्ता बंद, आणि वळसा घालून जाणारी बस दिवसभर हाडं खिळखिळी करणारी. म्हणून लष्कराचं हेलिकॉप्टर मिळालं. अटी दोनच. ज्याचं तिथे सरकारी काम असेल तोच बसेल, आणि प्रवाशांचं एकूण वजन दोनशे किलोंच्या आत.

अचूकराव यादी लिहायला बसले आणि साहेबांचा फोन आला.

"मेहुणे पण येतायत आपल्याबरोबर."

"पण साहेब, त्यांचं सरकारी काम..."

"धरणापलीकडे त्यांना बंगल्यासाठी जागा बघायचीय. ते सरकारी कसं करायचं, हे मी सांगायचं का तुम्हाला?"

मुळीच नाही! मेहुण्यांच्या नावापुढे 'जलतज्ज्ञ' लिहून झालं. उरला वजनाचा रकाना. मेहुणे अठ्ठ्याण्णव किलो. साहेब एकशे चार, पण साहेबांपुढे हा आकडा उच्चारणारा माणूस त्या ऑफिसात टिकला नव्हता. अचूकरावांनी मायेने लिहिलं, साहेब बहात्तर, मेहुणे अडुसष्ट. स्वतःचं मात्र खरं अठ्ठावन्न. खोटं लिहिणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं!

एकूण एकशे अठ्ठ्याण्णव. रकाना भरायचा असतो, वाचतं कोण!

सकाळी तिघं आत बसले. मऊ खुर्च्या कुठल्या, पत्र्याला टेकून एक बाक! साहेब बसले तशी बाकाने कुरकुर केली. प्रत्येकाच्या कानावर एकेक यंत्र चढवलं गेलं, तोंडापुढे दांडी आणि बोलायला बटण. पंखा फिरायला लागला आणि अचूकरावांच्या दाढा आपोआप वाजू लागल्या.

वर गेल्यावर कानात कॅप्टनबाईंचा आवाज आला. "नमस्कार. खिंडीवरून जाताना जरा हलेल. तिथली हवा पातळ. म्हणून तर आम्ही प्रत्येकाचं वजन आधी लिहून घेतो. यादीत दहा किलोंची चूक झाली, तरी धोका!"

म्हणजे वाचतात! ते वाचतात!

अचूकरावांनी बोटांवर हिशेब केला. बासष्ट किलो जास्त! म्हणजे बाकावर आणखी एक अख्खा माणूस बसला होता, आणि तो त्यांनी स्वतःच्या हाताने लपवला होता. शेजारी साहेब पोटावर हात ठेवून डुलक्या काढत होते. सांगावं तर नोकरी जाणार, आणि निवृत्तीला चौदा महिने राहिलेले. न सांगावं तर चौदा मिनिटंसुद्धा राहतात की नाही कोण जाणे!

"काय हो, चेहरा का पांढरा पडलाय?" मेहुण्यांनी ओरडून विचारलं.

"तुम्ही जरा... हलके बसता का?" अचूकराव म्हणाले.

"म्हणजे कसा बसू?"

खिंड आली. काळे कडे दोन्ही बाजूंनी एवढे जवळ आले की अचूकरावांना दगडांमधलं गवत मोजता आलं असतं. हेलिकॉप्टर एकदा थरथरलं आणि दाणकन खाली गेलं. बायको, मुलगी, घराचं अर्धवट फेडलेलं कर्ज, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. अचूकरावांना रडूच फुटलं. मरायचं नव्हतं हो त्यांना! गेली खड्ड्यात नोकरी, म्हणत त्यांनी बटण दाबलं आणि जिवाच्या आकांताने ओरडले.

"मॅडम, मागे फिरा! यादी खोटी आहे! साहेब बहात्तर नाहीत, एकशे चार आहेत! मेहुणे अठ्ठ्याण्णव! आणि ते जलतज्ज्ञ नाहीत, त्यांना साधं पोहता येत नाही! बंगल्याची जागा बघायला आलेत! मला माझ्या मुलीला बघायचंय हो!"

हेलिकॉप्टर अलगद वर उचललं गेलं. कडे मागे पडले, खाली उन्हात धरण चमकायला लागलं. साहेबांचे डोळे टक्क उघडे होते. तेव्हा कुठे अचूकरावांच्या ध्यानात आलं, की आवाज सगळ्यांच्याच कानांत जातो.

"घाबरू नका," कॅप्टनबाई शांतपणे म्हणाल्या. "नेतेमंडळींच्या यादीतली वजनं आम्ही खरी धरतच नाही. म्हणून तर तुम्हाला मर्यादाच शंभर किलोंनी कमी सांगितली होती."

अचूकरावांचा जीव भांड्यात पडला. पण बाईंचं बोलणं संपलेलं नव्हतं.

"ते जलतज्ज्ञांचं मात्र आम्हाला माहीत नव्हतं हं. बरं झालं सांगितलंत. इथलं सगळं बोलणं टेप होतं."

अचूकरावांनी पुन्हा बटण दाबलं. "ती टेप... पुसता येते का हो?"

"येते की! अर्ज करायचा. कारण सविस्तर लिहायचं, आणि खाली मंत्रिमहोदयांची सही."

मेहुणे खिडकीबाहेर बघू लागले. साहेबांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. मग त्यांनी बटण दाबलं आणि अगदी गोड आवाजात एवढंच विचारलं.

"काय हो, परतीची बस किती वाजता सुटते?"

ती बस कोणासाठी, हे विचारायची अचूकरावांची छाती झाली नाही. आणि खरं सांगायचं तर, तिकीट आपलंच असू दे, अशी त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली होती!