उभ्याची मीटिंग

ताईंचा उजवा गुडघा दुखायला लागला त्याला कारण वय नव्हतं, ऑफिसातली सकाळची मीटिंग होती. ही मीटिंग उभ्यानेच करायची असा साहेबांचा दंडक. माणूस उभा असला की कमी बोलतो, हे ते कुठल्याशा प्रशिक्षणात ऐकून आले होते, आणि साहेबांनी ऐकलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ताई सॉफ्टवेअर तपासायच्या. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून पोट भरलेली बाई साहेबांचा नियम तरी न तपासता कसा सोडेल? त्यांनी गुपचूप वहीत वेळ टिपायला सुरुवात केली. शुक्रवारी साहेब दुसऱ्या ऑफिसात असत, तेव्हा सगळे निमूट खुर्च्या ओढून बसत. दोन महिन्यांनी ताईंनी भर मीटिंगमध्ये वही उघडली.

"साहेब, उभ्याने सरासरी एकतीस मिनिटं लागतात. बसून तेरा."

"असं कसं होईल? सगळीकडे उभ्यानेच करतात."

"उभ्याने कुणाला लिहून घेता येत नाही. मग तेच तेच दोनदा विचारतात."

साहेबांनी वही हातात घेतली, कपाळावरचा चष्मा खाली ओढला. माणूस हट्टी होता, पण अक्कल गहाण टाकलेला नव्हता. "शुक्रवारी मी नसतो," ते हळूच म्हणाले. "मग मीटिंग लांबते ती उभं राहिल्यामुळे, की माझ्यामुळे?"

कुणी छताकडे पाहिलं, कुणी बुटांकडे. ताईंना साहेबांची दया आली. पण प्रश्न बिनतोड होता आणि तो आपल्याला सुचला नाही याची त्यांना लाजही वाटली. "ते तपासावं लागेल," त्या म्हणाल्या.

मग काय, साहेबांना चेवच चढला. टीमचे दोन गट करायचे, एक बसणार, एक उभा राहणार, साहेब दोन्हीकडे, असं तीन महिने. कुणाच्या मर्जीवर काही नको म्हणून ताईंनीच चिठ्ठ्या टाकायला लावल्या. सगळ्यांत शेवटी त्यांनी आपली उघडली. तीत लिहिलं होतं, 'उभे'.

त्यांचा हात नकळत गुडघ्यावर गेला. साहेबांनी ते पाहिलं आणि स्वतः खुर्ची आणून त्यांच्यामागे ठेवली.

"अहो ताई, गुडघ्याचं पहिल्याच दिवशी सांगायचं ना. तेव्हाच खुर्ची दिली असती की. बसा बरं."

या खुर्चीसाठीच तर दोन महिन्यांचा खटाटोप होता. ताईंनी तिच्याकडे डोळे भरून पाहिलं आणि ती हलकेच बाजूला सारली.

"आता नको, साहेब. आकडे बिघडतील."