कुंपणातला पाणवठा

एका जंगलात, मुलांनो, सगळेच प्राणी अतिशय धार्मिक होते. किती धार्मिक म्हणाल, तर एकमेकांना खातानासुद्धा आधी डोळे मिटून आभार मानायचे.

या जंगलाचा एक मालक होता. फार पूर्वी तो स्वतः रानात येऊन राहिला होता. कसं वागायचं ते त्यानं थोडक्यात सांगितलं. भांडू नका. क्षमा करा. तहानलेल्याला आधी पाणी द्या. ज्यांनी त्याला डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यांनी ते पुढच्यांना सांगितलं. त्यांतलं शेवटचं उरलेलं एक म्हातारं कासव होतं. तेही वारलं, तेव्हा थोरामोठ्यांनी जाहीर केलं, "मालकाचं सांगून झालं. त्यात आता भर पडायची नाही. आता फक्त पाळायचं."

झालं! 'फक्त पाळायचं' म्हटल्याबरोबर सगळ्यांची तोंडं उतरली. तुमची नाही का उतरत, 'आज गोष्ट नाही, अभ्यासाला बसा' म्हटल्यावर? अगदी तश्शी.

त्या रानात जसिंता नावाची एक हरिणी राहायची. तिला लुसी नावाचं एकुलतं एक पाडस होतं. त्या उन्हाळ्यात ओढे आटले. जवळ एकच पाणवठा उरला. दुसरं पाणी थेट डोंगरापलीकडच्या नदीत. धडधाकट प्राणी तिथं जाऊन पिऊन यायचे, पण लुसी तापानं फणफणली होती. चार पावलं टाकली की बसायची. जसिंता तिला ढकलत, चाटत, समजावत पाणवठ्यापर्यंत घेऊन आली.

पाहते तर काय! पाणवठ्याला काटेरी कुंपण. आणि बाहेर ही गर्दी!

झालं होतं असं, की कैतान नावाच्या वानराला पाण्यात उजेड दिसला होता. त्या उजेडातून म्हणे मालक बोलला. आता भर दुपारी पाण्यात उजेड नाही दिसणार तर काय दिसणार? पण हे विचारायचं कुणी? तेव्हापासून दर शुक्रवारी कैतानला नवा संदेश यायला लागला. शेपटी डावीकडे घेऊन बसा. निळा दोरा बांधा. जगबुडी जवळ आली आहे, तारीख नंतर कळवू. आणि ताजा संदेश असा, की हे पाणी पवित्र झालंय, याला कुणी तोंड लावायचं नाही.

"कैतानभाऊ," जसिंता काकुळतीला आली, "पोरीला घोटभर पाणी पिऊ द्या हो. तिला उभंही राहवत नाही."

"अगं, पाणी कुठं आहे हे? हे स्थान आहे!"

"पण तहानलेल्याला आधी पाणी द्या, असं मालकानंच सांगितलंय ना?"

"इश्श! ते होय?" मागून एक रानडुकरीण म्हणाली. "ते आम्हाला लहानपणापासून पाठ आहे. तू या शुक्रवारचं ऐकलंस का?"

जसिंता धावत फादर करकोच्याकडे गेली. हा रानातला मोठा धर्मगुरू आणि कैतानच्या प्रकरणाचा चौकशी अधिकारीही. तो एका पायावर उभा राहून विचार करत होता. दुसरा पाय टेकला की निर्णय घ्यावा लागतो, म्हणून तो टेकत नसे.

"हे बघ जसिंता," फादर म्हणाला, "मालकाचं सांगणं कासवाबरोबर पूर्ण झालं. आता कुणाला एकट्यादुकट्याला काही दिसलं, तर त्यानं ते आपल्यापुरतं मानावं. इतरांवर सक्ती नाही."

जसिंताचा जीव भांड्यात पडला. "मग कुंपण काढायला सांगता ना, फादर?"

"छे छे! चौकशी चालू आहे. उजेड खरा की खोटा, हे ठरेपर्यंत पाणी जसंच्या तसं राहिलं पाहिजे. तुझ्या पोरीनं ते गढूळ केलं तर आम्ही तपासायचं काय?"

पाहिलंत ना? एक म्हणतो, मालक बोलतोय, म्हणून पिऊ नका. दुसरा म्हणतो, मालक बोलत नाही हे सिद्ध होईपर्यंत पिऊ नका. एरवी हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नसत. मेल्यांचं जुळलं ते नेमकं इथं!

जसिंता परत आली तेव्हा लुसी कुंपणाला नाक लावून पडली होती. जिभेनं काटे चाटत होती. मग त्या आईनं, जी जन्मात कधी खोटं बोलली नव्हती, खडकावर चढून आरोळी ठोकली, "मलाही आवाज आला! मालक माझ्याशीही बोलला!"

सगळी गर्दी तिच्याकडे धावली. फादर करकोचासुद्धा लगबगीनं उडत आला.

"काय म्हणाला? काय म्हणाला?"

"म्हणाला, तहानलेल्या पोरीला पाणी द्या."

"एवढंच?" रानडुकरीण हिरमुसली. "दोऱ्याचा रंग बदलायचा का, ते काही नाही?"

"जगबुडीची तारीख?" ससा म्हणाला.

"खोटं आहे!" कैतान दात विचकून म्हणाला. "यात नवीन काय आहे?"

फादरनं चोच खाजवली. "हिच्या संदेशात आक्षेप घेण्यासारखं काहीही नाही. जुन्या शिकवणीशी तो तंतोतंत जुळतो. म्हणूनच त्याची वेगळी दखल घेण्याची गरज वाटत नाही."

"अहो, जुळतो तर पाणी द्या ना!"

"तो वेगळा विषय झाला," फादर म्हणाला.

जसिंता काट्यांत घुसली. अंग रक्तबंबाळ झालं. भाविकांनी तिला मागं ओढलं. फार प्रेमानं ओढलं हो, तिच्यासाठी प्रार्थना म्हणत म्हणत. प्रार्थना लांबलचक होती. ती संपेपर्यंत लुसी गेली.

रान हळहळलं. पुढच्याच शुक्रवारी कैतानला संदेश आला, की मालकाला अतिशय दुःख झालंय, आणि लुसी जिथं गेली तिथं दगड बसवून त्यावर रोज पाणी घालावं. मग काय विचारता! कुंपण तोडलं. करवंट्या भरभरून त्याच पाणवठ्यातलं पाणी दगडावर पडू लागलं. 'श्रद्धेला बाधक असं यात काही नाही,' असं म्हणून पहिली करवंटी फादर करकोच्यानंच ओतली.

जसिंताला मानानं बोलावून सगळ्यांच्या पुढं उभं केलं होतं. दगडावरून ओघळून मातीत जिरणारं पाणी ती बघत राहिली.

"हे त्या दिवशी का नाही दिलंत?" तिनं विचारलं.

कैताननं तिच्या पाठीवर हात ठेवला. "त्या दिवशी तसा संदेश नव्हता, बाई," तो गहिवरून म्हणाला.

तात्पर्य: मालक अजून बोलतो की बोलायचा थांबला, यावर मुलांनो, कडाडून वाद घाला, जन्मभर घाला. वाद मिटेपर्यंत, त्यानं आधी जे सांगून ठेवलंय, त्यातलं काहीही करावं लागत नाही.