मंडलबाबू मधात नाही

"माझा नवरा नदीत वाहून गेला जी. तेव्हा मी पोटुशी होते," असं मंडलबाबू मला पहिल्याच दिवशी म्हणाले. साठी ओलांडलेला, झुपकेदार मिशांचा माणूस, हातात अर्धा समोसा. मी गोंदियाचीच, सहजासहजी दचकणारी नाही. पण चहाचा कप ओठांशीच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यांचं दुकान जळालेलं होतं. नंतर एकदा तर ते नवी नवरी होते आणि सासरा घरी परतलाच नव्हता.

आमची संस्था स्टेशनच्या मागे, दोन खोल्यांची. देश सोडून आलेल्या, कागद नसलेल्या माणसांचे अर्ज करायचे आणि त्यांच्यासाठी साहेबांपुढे भांडायचं, हे आमचं काम. भांडतात वकील मॅडम, टाईप करते मी, आणि बंगालीचं मराठी करतात मंडलबाबू. ते स्वतःही लहानपणी सीमेपलीकडून आले आणि अर्जुनीकडच्या बंगाली वस्तीत वाढले. त्यापुढचं कुणाला काही ठाऊक नव्हतं.

दुभाष्याचा एक नियम असतो. "ती म्हणते" असं म्हणायचं नाही. समोरची बाई "मी" म्हणाली की आपणही "मी"च म्हणायचं. बाबूंनी हा नियम असा काही धरला, की ऑफिस सुटलं तरी तो सुटेना. टोकलं की म्हणायचे, "मंडल मधात नाही जी." म्हणजे सांगणारी आणि ऐकणारे यांच्या मध्ये मंडल नाहीच. स्वतःबद्दल बोलायची वेळ आलीच तर तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं बोलायचे. मंडलला भूक लागली. मंडलचं डोकं दुखून राहिलं.

मी हसण्यावारी न्यायची. पण एका दुपारी लाईट गेली आणि आतल्या खोलीत एक म्हातारी खोकली. ते खोकणं माझ्या चांगलं ओळखीचं होतं. त्या बाईचा जबाब मीच टाईप केला होता आणि पावसाळ्याआधी ती वारली होती. कशीबशी आत डोकावले, तर बाबू एकटेच, भिंतीकडे तोंड करून बसलेले. तिच्याच घोगऱ्या आवाजात भिंतीला सांगत होते, की मी भात चुलीवर ठेवून निघाले, चूल विझवायची राहून गेली. त्यानंतर त्या खोलीत एकटी जाईन तर शपथ.

माझी आत्या डबा द्यायला यायची. तिनंही एकदा ते ऐकलं आणि मला बाहेर ओढत नेलं. म्हणाली, "त्याच्या अंगात एक नाही बाई, गावच्या गाव हाये. कारा दोरा बांध त्याले." मी काळा दोरा बांधलाही. बाबूंनी निमूट मनगट पुढे केलं.

मग बिनोदिनी मासी आल्या. इटियाडोह धरणाकडच्या वस्तीत भाचीकडे राहायच्या, जवळ एकही कागद नाही. परत पाठवलं तर तिकडे त्यांचं कुत्रंही उरलेलं नव्हतं. मराठी त्यांना कळायची, पण बोलायच्या बंगालीच, आणि जबाबाला बसलं की तेही नाही. भीतीनं तोंडच उघडायच्या नाहीत. शेवटी मॅडमनी स्पष्ट सांगितलं, आज जबाब गेला नाही तर अर्ज फेटाळला जाईल.

मासी खाली मान घालून बसल्या. पंखा कुरकुरत होता. मग बाबू बोलू लागले. आम्ही पहाटे नदीवर आलो. धुकं एवढं होतं की नाव दिसेना. धाकट्या बहिणीचा हात माझ्या हातात होता. आईनं बजावलं होतं, सोडू नको. नाव हलली. गर्दीत कुणीतरी ओढलं, आणि मी हात सोडला.

मी भराभर टाईप करत होते. सहज वर पाहिलं आणि टाईप करायची थांबले. मासींचे ओठ मिटलेलेच होते. त्या टक लावून बाबूंकडे पाहत होत्या.

"बाबू," मी म्हटलं, "मासी अजून काहीच बोलल्या नाहीत."

खोलीत दुसरंच कुणी बोललं असावं तसं बाबूंनी आजूबाजूला पाहिलं. "मंडल मधात," एवढं म्हणाले आणि अडकले. तेव्हा मासींनी त्यांचा हात धरला आणि बंगालीत काहीतरी विचारलं. बाबू आमच्याकडे वळले.

"ती विचारते, तुझ्या बहिणीचं नाव काय होतं."

आमच्याकडे आलेल्या साऱ्या बायांच्या गेलेल्या लेकरांची नावं या माणसाला तोंडपाठ.

"मले आठवत नाही जी," ते म्हणाले.

मला रडू फुटलं, त्यात लाज कसली. मासींनी हात सोडला नाही. तसाच धरून त्यांनी आपली सगळी हकीकत सांगितली, आणि बाबूंनी ती सगळी "ती म्हणते" करूनच मराठीत आणली. मॅडम एकदाही टोकल्या नाहीत. मासींना तूर्तास राहायची परवानगी मिळाली.

आतल्या खोलीतून अजूनही आवाज येतो. पण आता बाबूंचाच, हलकेच एकेक नाव घेणारा. लक्ष्मी. मालती. पारुल. प्रत्येक नावानंतर ते जरा थांबतात, कुणी ओ देतं का ऐकतात. मी आता बेधडक आत जाते. चहा ठेवताना एखादं नाव सुचवते.

"शेफाली?"

बाबू डोळे मिटून बघतात. मग मान हलवतात. "नाही जी. उद्या दुसरं सांग."