अप्पांच्या गाडीतला ज्वारीचा कट्टा

आमच्या शेजारचे अप्पा माणूस दारात आला की आधी घड्याळ बघतात. दूधवाला फाटकाशी थांबला की म्हणणार, "चार मिनिटं लेट." मी भाजी घेऊन परत आले की भिंतीपलीकडून आवाज येतो, "वैनी, आज टाइमात हाय." एकदा गल्लीतले एक गृहस्थ वारले. सगळे माना खाली घालून बसलेले, आणि अप्पा आमच्या ह्यांच्या कानाशी लागून म्हणाले, "टाइमाच्या आधी सुटले." चेष्टा नव्हती हं त्यात. माणूस खरंच हळहळत होता. पण हळहळायला त्यांच्याकडं तेवढेच शब्द आहेत, त्याला ते तरी काय करणार?

धाराशिवच्या स्टँडवर टाइमकीपर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. कुठली गाडी कधी आली, कधी सुटली, हे लिहिता लिहिता केस पांढरे झाले. रिटायर होऊन सहा-सात वर्षं झाली, पण हातातलं घड्याळ आंघोळीपुरतंसुद्धा उतरत नाही. त्यांची बायको शांताक्का. शांत, बारीक अंगाची, कपाळाला विभूतीचं बोट. आमच्या दोघींच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे आणि त्या भिंतीवर आमचं निम्मं आयुष्य गेलंय.

तर ह्या अप्पांनी, ज्यांनी जन्मात सायकलशिवाय काही चालवलं नव्हतं, वयाच्या पासष्टीला गाडी शिकून विजेवरची मोटार घेतली. निळी. मोराच्या मानेसारखी. आवाज नाही, धूर नाही, वास नाही. दारात येऊन उभी राहिली तरी मला स्वयंपाकघरात कळलं नाही. बाहेर येऊन बघते तर अक्का गाडीला हळदीकुंकू लावतेय.

आता खोटं कशाला बोलू? माझ्या पोटात दुखलं. आमच्या ह्यांनी लग्नाच्या चाळीस वर्षांत मला तुळजापूर दाखवलं, अक्कलकोट दाखवलं, आणि मग पेपर उघडला तो अजून मिटलेला नाही. मी त्यांना बाहेर बोलावून गाडी दाखवली. म्हणाले, "रंग उडेल उन्हानं." आणि आत गेले.

गाडी आल्यापासून अप्पांचं नियोजन सुरू झालं. जायचं होतं रत्नागिरीला, अक्काच्या धाकट्या बहिणीकडं. बहिणीचे यजमान नोकरीनं तिकडं गेले ते तिथंच घर बांधून राहिले. गच्चीवरून समुद्र दिसतो म्हणे. अक्कानं ते घर अजून पाहिलेलं नाही. बहीणच दोन-तीन वर्षांनी इकडं येते, तेव्हा ह्या दोघी गळ्यात पडून रडतात आणि मी भिंतीवरून चहा देते. अक्काला प्रवास सोसत नाही, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. डिझेलचा वास आला की तिच्या पोटात ढवळतं. टाइमकीपरची बायको, घरात फुकटचा पास, आणि ही बाजारालासुद्धा चालत जाणार.

अप्पांनी जुन्या कॅलेंडरांची पानं काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रूळ धरून तक्ते आखले. मग फोन. वाटेवरच्या हॉटेलवाल्यांना, पंपवाल्यांना, कुणाकुणाला. मोठ्यानं बोलायची सवय, त्यामुळं मला मुद्दाम ऐकावं लागत नव्हतं. सांगोल्याकडच्या एका ढाबेवाल्याला त्यांनी पहिल्यांदा विचारलं, चार्जिंगचं मशीन चालू आहे का. तो हो म्हणाला. मग विचारलं, दारात झाड कुठलं आहे. कडुलिंबाचं, तो म्हणाला. मग अप्पा म्हणाले, "सकाळच्या वख्ताला सावली कुण्या अंगाला पडती?" तिकडून त्यानं बहुतेक फोन ठेवला, कारण अप्पा दोनदा हॅलो हॅलो म्हणाले आणि तक्त्यात काहीतरी लिहिलं.

असे किती थांबे असावेत? एकोणीस. माझा भाचा गाड्यांचं काम करतो. तो म्हणाला, मावशी, ही गाडी सोलापूरला जाऊन परत येईल एका चार्जिंगवर, अप्पांना तीन थांबे पुरे झाले. हे मी भिंतीवरून अप्पांना ऐकवलं. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाले, "गाडीला पुरतेत, वैनी," आणि विसावा थांबा शोधायला लागले.

पण खरी मजा चाचणीची. अक्का गाडीत बसायला तयार नव्हती. हळदीकुंकू लावेल, पुसेल, पण बसणार नाही. म्हणून अप्पांनी काय करावं? घरातला ज्वारीचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पुढच्या सीटवर ठेवला. "हिच्याच वजनाचा हाय," म्हणाले. त्याला बेल्ट लावला. पुढं काचेखाली ओल्या फडक्यावर फुलपात्र ठेवलं, पाण्यानं भरलेलं, आणि निघाले तेरला. पाणी सांडलं की परत मागं फिरायचं आणि पहिल्यापासून सुरुवात. तेरच्या वाटेवर म्हणे ट्रॅक्टर त्यांना मागं टाकून गेले. मग भूमला गेले. मग अणदूरला. अणदूरला आमच्या ह्यांना सोबत नेलं. आल्यावर मी विचारलं, कशी झाली सहल? हे म्हणाले, "मागं बसलो होतो. पुढं कट्टा होता."

सगळी गल्ली हसली. चार्जिंग वाचवतोय म्हातारा, असं सगळ्यांचं मत पडलं. मीही हसले. पण एक दिवस सकाळी अप्पांना त्या कट्ट्याचा बेल्ट लावताना पाहिलं. कुठं काचतोय का बघून, दोन बोटं आत घालून, सैल करून लावत होते. माझ्या अंगावरची शाल घसरली तर आमच्याकडं कुणाच्या लक्षात येत नाही. हसाल तुम्ही, पण मला त्या कट्ट्याचा हेवा वाटला. आणि जिला बसायचंय तिला कुणी विचारत नाही, जिच्यासाठी एवढं चाललंय ती बसत नाही, ह्याचा रागही आला.

होता होता अक्का तयार झाली. बहिणीला फोन करून येते म्हणाली. भिंतीवर कुर्डया वाळत घालताना मला म्हणाली, "सुमन, समिंदराचं पाणी पायाला लागलं की पायाखालची वाळू सरकती म्हनं. खरं का गं?" मला काय माहीत? मी कुठं पाहिलाय समुद्र? आणि नेमकं तेव्हा माझ्या तोंडातून निघालं. म्हटलं, वाळूचं ठाऊक नाही बाई, पण कोल्हापूरच्या पुढं घाट आहे. वळणावर वळण. आमच्या भाचीला गारेगार गाडीतसुद्धा तीनदा उतरावं लागलं.

भाचीचं खरं होतं. पण ते सांगायची काही गरज नव्हती, हे मला सांगतानाच कळत होतं.

अक्काचा हात कुर्डईवरच थांबला. दुसऱ्या दिवशी तिनं बहिणीला फोन करून सांगितलं, जमत नाही.

अप्पांनी गाडीवर कव्हर घातलं. कट्टा काही काढला नाही, तो आतच राहिला. त्यानंतरचे तीन-चार दिवस गल्लीला चुकल्यासारखं झालं. मी भाजी घेऊन आले, भिंतीपलीकडून काही नाही. दूधवाला चांगला पाऊण तास उशिरा आला आणि बिचारा आपणहून म्हणाला, "अप्पा, आज लई लेट झालं." अप्पा म्हणाले, "असू दे."

मला जेवण जाईना. आमच्या ह्यांना सांगावं तर ते पेपरच्या मागं. शेवटी अप्पांनीच भिंतीवरून ती कॅलेंडरची पानं माझ्याकडं दिली. म्हणाले, "वैनी, कुर्डयांच्या डब्यात खाली घालायला व्हतील."

पानं घेतली आणि तिथंच वाचत उभी राहिले. बारीक, उभं अक्षर. पहिल्या रकान्यात गावं. शेवटच्या रकान्यात शेरे. एका गावापुढं लिहिलेलं, 'लिंब, सावली डाव्या अंगाला, बाज मिळते.' दुसऱ्यापुढं, 'बाईमाणसाची सोय स्वच्छ. स्वतः फोटो मागवून पाहिला.' घाटाच्या अलीकडं तीन थांबे, घाटात चार, पलीकडं दोन. 'इथं वारा आहे.' 'इथं लिंबू-मीठ मिळतं.' 'इथं नुसतं बसायचं.' एकोणीस थांब्यांत गाडीच्या चार्जिंगचा शेरा तीनदाच होता.

आणि मधले दोन रकाने, येण्याची वेळ आणि सुटण्याची वेळ, वरपासून खालपर्यंत कोरे. दूधवाल्याची मिनिटं मोजणाऱ्या माणसाचे.

मी म्हटलं, "अप्पा, वेळा टाकायच्या राहिल्या."

"राहिल्या न्हायत. टाकल्याच न्हायत."

मग त्यांनी सांगितलं, भिंतीकडं बघत, मोठ्यानं बोलणारा माणूस अगदी हळू. बहिणीच्या घराची वास्तुशांत होती तेव्हा दोघं एसटीनं निघाले होते. अक्काला त्रास व्हायला लागला. सोलापूरच्या पुढं दोनदा गाडी थांबवावी लागली. ड्रायव्हर, कंडक्टर ओळखीचे. काही बोलले नाहीत. पॅसेंजर कुरकुरायला लागले. अप्पा घड्याळ बघत होते. आणि भरल्या गाडीत, सगळ्यांच्या देखत ते बायकोला म्हणाले, तुझ्यापायी गाडी लेट झाली.

"दुसरं कुणी म्हनलं न्हाय, वैनी. म्याच म्हनलो."

मंगळवेढ्याला अक्का उठली आणि एकटी खाली उतरली. पिशवी नाही, काही नाही. अप्पांना आधी वाटलं पाणी प्यायला गेली. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा ते ट्रंक घेऊन उडी टाकून उतरले. ती स्टँडवर बाकड्यावर बसली होती. परत येताना कशीबशी एका मालवाहू टेम्पोत मागं उघड्यावर बसून आली. त्यानंतर तिनं कुठल्याच गाडीत पाय ठेवला नाही आणि ह्या विषयावर एक शब्द काढला नाही. तिनं काढला नाही म्हणून ह्यांनाही काढता आला नाही.

मी तक्त्यात मंगळवेढं शोधलं. शेरा होता: 'इथं आधी मी उतरायचं.'

ते पान घेऊन मी तडक अक्काच्या स्वयंपाकघरात गेले. आधी माझं सांगून टाकलं. म्हटलं, अक्का, घाटाचं मी मुद्दाम बोलले, माझ्या पोटात दुखत होतं. अक्का भाकरी थापत होती. म्हणाली, "ठाऊक हाय मला. तुझं तोंड दिसतं की मला भिंतीवरनं."

"मग जायला नाही कशाला म्हणालीस?"

"भ्याले. घाटाला न्हाय. ह्यांच्या घड्याळाला."

मी पान तिच्यासमोर धरलं. पिठाचं बोट एकेका गावावर ठेवत तिनं सावकाश वाचलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही, शेवटी मीच उलटली. कोऱ्या रकान्यांवरून तिचं बोट वरून खाली गेलं, मग मंगळवेढ्यावर येऊन थांबलं. तिथं पिठाचा ठसा उमटला. मग पदरानं नाक पुसून म्हणाली, "त्या कट्ट्याला खाली उतरवा म्हनावं. कवाधरनं बसलाय माझ्या जागंवर."

दोन दिवसांनी निघाले. गल्ली दारात उभी. अक्का पुढच्या सीटवर, मांडीवर कुर्डयांची पिशवी, त्यात माझ्याही होत्या. अप्पांनी तिला बेल्ट लावला, दोन बोटं आत घालून पाहिलं, सैल केला. मग माझ्याकडं आले, मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या हातात दिलं. "संभाळा, वैनी. आल्यावर घेतो." मनगटावर पांढरा पट्टा होता, तान्ह्या बाळाच्या कातडीसारखा. फुलपात्रातलं पाणी न हलवता गाडी कोपऱ्यावरून वळली.

आत आले तर हे म्हणाले, "किती वाजता गेले?" घड्याळ माझ्या मुठीत होतं. म्हटलं, बघितलं नाही. आणि खरं सांगते, गाडी आली त्या दिवशी जेवढी जळले नव्हते तेवढी त्या सकाळी जळले. गाडीसाठी नाही. नवऱ्यानं वेळेचे रकाने कोरे सोडावेत, असं भाग्य किती जणींचं असतं?

दुपारी फोन आला. अक्काचा. एवढा वेळ होऊन जेमतेम मंगळवेढ्यापर्यंत पोचले होते.

"बरं वाटतंय ना?" मी विचारलं.

"बरं हाय. हे आधी उतरलेत. माझ्या दाराशी छत्री धरून उभारलेत."

"मग तू उतर की."

मागं कुठल्यातरी गाडीचा हॉर्न वाजला.

"बसलीय अजून," ती म्हणाली. "उभारू दे की ह्यांना जरा."

मी घड्याळ कपाटात उलटं करून ठेवलं.