हेझलकोटचे दोन टॉमस

"मेरी गेली," डबा बाजूला सारत इक्बालभाई म्हणाले. "नऊ पोरं मागं ठेवून गेली. धाकटं आठ दिसांचं."

माझा घास हातातच राहिला. आमच्या साइटवरच्या दवाखान्यात मेरी नावाची नर्स आहे. आदल्याच दिवशी तिनं माझं ब्लडप्रेशर तपासून भात कमी करायला सांगितलं होतं. मी म्हणालो, "अरेरे! काल तर चांगली ठणठणीत होती!"

"कोण ठणठणीत? हेझलकोटची मेरी बोलतोय मी. पावणेतीनशे वर्षं झाली तिला जाऊन. मना आज सकाळी कळलं."

मी भाताबरोबर एक शिवीही गिळली आणि जेवण चालू ठेवलं.

इक्बाल परकार मूळचे रत्नागिरीकडचे. कतारमध्ये दोह्यात येऊन त्यांना एक्केचाळीस वर्षं झाली. 'मला'चं 'मना' आणि 'नाही'चं 'नाय' एवढं गावचं त्यांनी जपलंय, बाकी आयुष्य कंपनीला वाहिलं. आमच्या बांधकाम कंपनीत ते कामगारांचे कागद बघतात. सकाळी जिवंतांचे आणि दुपारी मेलेल्यांचे. कॅम्पवर तिशीतला एखादा झोपतो तो उठतच नाही. मग त्याच्या पासपोर्टपासून ते पेटी विमानात चढेपर्यंतचे सगळे शिक्के इक्बालभाई गोळा करतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांचं दुपारचं काम सकाळी दहालाच सुरू व्हायचं.

असल्या माणसानं सुट्टीच्या दिवशी पत्ते कुटावेत, समैस्म्याला जाऊन समुद्रात पाय बुडवावेत. इक्बालभाई शुक्रवारची नमाज झाली, जेवण उरकलं, की इंग्लंडमधल्या एका खेड्यातली मेलेली माणसं शोधायला बसतात.

हे खूळ त्यांच्या डोक्यात केननं घातलं. केन आमचा जुना सेफ्टी ऑफिसर. रिटायर होऊन हेझलकोट नावाच्या आपल्या गावी गेला आणि चार म्हाताऱ्यांना जमवून गावाचा इतिहास लिहायला बसला. तिकडे म्हणे गावोगावच्या चर्चमध्ये वह्या असायच्या. कुणाचा बाप्तिस्मा झाला, कुणाचं लग्न लागलं, कुणाला पुरलं, सगळ्याची पाद्री एकेक ओळ लिहून ठेवायचा. वह्यांचे फोटो निघाले, पण अक्षर कुणाला लागेना. तेव्हा केनला इक्बालभाई आठवले. फोरमननं सिमेंटच्या पिशवीवर लिहिलेली नावं ज्यानं जन्मभर वाचली, त्याला पाद्र्याच्या अक्षराचं काय मोठंसं!

नजमा भागातल्या त्यांच्या खोलीत तिघे राहतात. टेबल नाही म्हणून लॅपटॉप इस्त्रीच्या फळीवर. त्यामुळे बाकीचे दोघे शनिवारी चुरगळलेल्या शर्टात हिंडतात. फ्रिजच्या दारावर हेझलकोटच्या सात कुटुंबांच्या वंशावळी चिकटवलेल्या आहेत, आणि दूध काढताना कुणाची पणजी फाटली तर बोलणी खावी लागतात. मी मन्सूऱ्यातल्या माझ्या खोलीवरून चालत तिथं जातो तो फक्त सुरमईच्या कालवणासाठी, हे मी त्यांना अनेकदा सांगितलंय.

"सोपं हाय, इंजिनेर," ते मला समजावतात. "बाप्तिस्मा म्हणजे एंट्री. दफन म्हणजे एग्झिट. लग्न म्हणजे फॅमिली व्हिसा. ज्याची एंट्री हाय त्याची एग्झिट सापडायलाच पायजे. आणि अख्खं गाव लेबर कॅटेगरी! स्टाफ म्हणशील तर एकटा पाद्री."

एकदा त्यांनी मला एक ओळ दाखवली. बर्फात सापडलेला कुणी परका माणूस, नाव माहीत नाही, अमुक दिवशी पुरला. "नाव नाय, तरी लाइन दिली बघ त्याला," ते म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. मला वाटलं, वाफेनं काच धुरकट झाली असेल.

या वर्षी मात्र टॉमसचं प्रकरण उपटलं. हेझलकोटच्या रिचर्ड आणि हॅना या जोडप्यानं टॉमस नावाच्या मुलाचा बाप्तिस्मा केला. दोन वर्षांनी पुन्हा टॉमस नावाच्या मुलाचा केला. इक्बालभाईंच्या मते पहिला वारला आणि त्याचं नाव दुसऱ्याला दिलं, तशी तिकडे पद्धतच होती. पण पहिल्याच्या दफनाची ओळ कुठेच नव्हती. केनच्या मंडळानं निकाल दिला, पाद्र्यानं एकच पोर चुकून दोनदा लिहिलं, पहिली नोंद काढून टाका. पुढच्या महिन्याअखेरीला पुस्तक छापायला जायचं होतं.

इक्बालभाई पेटले. आजवर मी त्यांना मॅनेजरसमोरही आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे चार म्हातारे आणि एक कुत्रा. अलीकडे इक्बालभाई, वर कडक इस्त्रीचा शर्ट, खाली लुंगी.

"सर," ते केनला म्हणाले, "चाइल्ड इज नॉट टायपिंग मिस्टेक."

केन समजुतीनं बोलला. पुरावा आणा, ठेवतो, म्हणाला.

पुढचे तीन शुक्रवार कालवण नव्हतं. अंडी उकडून खायची आणि जुनी पानं बघायची. मी एकदा वैतागून म्हणालो, "भाई, अडीच-तीनशे वर्षांपूर्वीचं तान्हं पोर. पुस्तकात राहिलं काय, गेलं काय, कुणाचं काय बिघडतं?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं दुसरं अंडं सोलायला घेतलं.

चौथ्या शुक्रवारी त्यांचा फोन आला. "यल्ला, ये लवकर."

मी पोचलो तर ते फळीसमोर उभेच होते. "मना सांग, पोर आजारी पडलं, घरात दुसरं कोणी बाईमाणूस नाय, तर बाई कुठं जाईल?"

"माहेरी."

"बरोब्बर! त्या चार शहाण्यांना माहेर ठाऊक नाय. हॅनाच्या लग्नाच्या ओळीत तिचं गाव लिहिलंय. डोंगराच्या पलीकडे. त्या गावच्या वहीत बघ."

मी वाकून पाहिलं. शाई विटली होती, पण लागत होतं. टॉमस, हेझलकोटच्या रिचर्डचा तान्हा मुलगा, पुरला. एवढंच.

"खलास," इक्बालभाई म्हणाले, आणि खाटेवर बसून राहिले.

केनचं उत्तर त्याच दिवशी आलं. दोन्ही टॉमस पुस्तकात राहतील, मंडळ लाजलं आहे, आणि पहिल्या पानावर तुमचे आभार मानायचे आहेत, तर तुमचं नाव कसं छापू ते कळवा. मी मिठाई आणायला निघालो, तर त्यांनी हात धरून बसवलं.

आठवडा गेला, त्यांनी केनला उत्तर दिलं नाही. पुढच्या शुक्रवारी मी न राहवून म्हणालो, "भाई, आय-क्यू-बी-ए-एल. यात एवढा विचार कसला?"

ते उठले. जोडीदार बाहेर गेले होते, तरी त्यांनी दाराची कडी लावली.

"इक्बाल माझा मोठा भाऊ," ते म्हणाले. "त्याचा पासपोर्ट झाला, व्हिसा आला, आणि काविळीनं आठ दिसांत गेला. एकोणीस वर्षांचा. बाबांनी होडी विकून व्हिसा घेतलेला. मी सतरा वर्षांचा, तोंड त्याच्यासारखंच. एजंटानं फोटो बदलला. बाबांनी ग्रामपंचायतीत मौत लिहिलीच नाय. लिहिली असती तर मी कसा निघालो असतो? येत्या मार्चला कागदावर साठी भरते, कंपनी घरी पाठवते. ती साठी पण त्याची हाय."

मी म्हणालो, "आणि घरी?"

"पोरांच्या दाखल्यावर बाप इक्बाल. आईनं तेव्हापासून मना नावानं हाक मारली नाय. त्याचं नाव घेववेना, माझं घ्यायची भीती. 'अरे' बोलायची. मरेपर्यंत 'अरे'." त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "त्या पाद्र्यानं बर्फातल्या भिकाऱ्याला एक लाइन दिली. मी सख्ख्या भावाची लाइन खाल्ली, इंजिनेर. एक्केचाळीस वर्षं खातोय."

जन्मभर हजारोंचे कागद नीट लावणारा हा माणूस. मला त्यांची फार कीव आली, आणि अंडी सोलत बोललेल्या वाक्याची शरम वाटली.

त्यांनी फळीवरचा लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "मराठीत अर्ज लिही. ग्रामपंचायतीला. भावाच्या मौतीची नोंद राहून गेली, ती करून द्या."

"भाई, हा अर्ज गेला की तुम्ही कागदावर मेलात. पासपोर्टची चौकशी होईल. तुरुंगातसुद्धा घालतील."

"मार्चला घरी पोचल्यावर देईन. घालतील तर घालू देत. तिथं तरी नाव माझंच लिहितील ना?"

"आणि केनला काय कळवायचं?"

"आधी हा अर्ज."

मी लिहायला लागलो. मयताचं नाव, वय, आजार, कबरस्तान कुठलं, सगळं त्यांनी न अडखळता सांगितलं. रोजचीच सवय. शेवटी मी विचारलं, "अर्जदाराचं नाव?"

त्यांनी फ्रिजवरच्या वंशावळींकडे पाहिलं. मग इतक्या हळू बोलले की मला पुन्हा विचारावं लागलं.

मी टाइप केलं. "वाच," ते म्हणाले. "मोठ्यानं."

मी वाचलं, "अर्जदार, हनीफ."

आणि साठीला आलेल्या त्या माणसानं मान खाली घालून 'ओ' दिली.