टिळा लागलेले जंतू आणि ठोंबरे सर

लग्नमांडवाच्या दाराशी कपाळाला कुंकू लागलं की ठोंबरे सर वधूपित्याला थांबवत. "जंतूले बी असाच टिळा लागते बरं. रक्तातली पूरक प्रथिनं लावतेत. मंग पांढऱ्या पेशी टिळा ओळखून त्याले गिळतेत."

रामाकोना गावच्या एका वधूपित्याने विचारलं, "म्हंजे सर, पाव्हण्यायले जंतू म्हणून राहिले का तुम्ही?"

"नाई बाप्पा. मांडव चांगला गिळून राहिला, असं म्हणून राहिलो."

सर मूळचे पांढुर्ण्याचे. सौंसरच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत आणि मी मराठी. त्यांचा जीव अडकला होता रिसेप्टरमध्ये, म्हणजे पेशीच्या अंगावरच्या हातांमध्ये. "पेशीले डोळे नाई. तिचं सारं हातात हाये," हे वाक्य शाळेतल्या शिपायालाही पाठ होतं.

हे हात दाखवायला ते अख्खा वर्ग संत्रा मंडीत नेत. तिथे छाटणीवाली बाई डागी संत्र्याला चुन्याचं बोट लावी आणि हमाल तेवढीच संत्री उचलून बाजूला टाकी. सर सांगत, "बाई म्हंजे पूरक प्रथिन. या भाऊचा हात म्हंजे रिसेप्टर. चुना नसला तर हा हात लावत नाई."

हमाल म्हणे, "मले काईबी म्हना गुरुजी, पन पोरायले वाटेतून बाजूले घ्या."

तांबडी पेशी त्यांची विशेष लाडकी. तिच्याही अंगावर तसा हात असतो, पण ती गिळत नाही. टिळा लागलेला कचरा उचलते आणि यकृतापर्यंत, प्लीहेपर्यंत पोचवून देते. "तिचे हात कमी पडले तर कचरा किडनीत साचते," असं म्हणून सर फळा पुसायला लागत. पोरांना वाटे, तास संपला.

गावात मात्र सर ओळखले जात ते वेगळ्याच कारणाने. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी घराबाहेर पडल्या की सर त्यांच्यावर छत्री धरून चालत. भर थंडीत, जामसांवळीच्या दर्शनाच्या रांगेतसुद्धा. छत्री वहिनींवर, सर उन्हात. बाजारात एकटीला जाऊ देत नसत. टपरीवर कोणीतरी म्हणे, "मास्तर बायकोले झाकून ठेवून राहिले." सगळे हसत. मीही हसे. संशयी नवरा हे नाव सरांना चिकटलं ते वहिनी गेल्यावरही सुटलं नाही. ते खोटं आहे. तेवढं सांगायलाच हे लिहितो आहे.

वहिनी शेवटी अंथरुणावर होत्या तेव्हा मी भेटायला गेलो. सर औषधं आणायला गेले होते. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मले ल्युपस हाये. अंगातलं सैन्य घरच्यालेच मारते. ऊन लागलं का उसळते. आता किडनी गेली. लोकायनं कीव करू नये म्हणून मीच यायले शपथ घातली, कोनाले सांगू नका. लोक यायलेच नावं ठेवतेत, तरी यायनं तोंड उघडलं नाई. मी गेल्यावर तुम्ही सांगा. यायच्यानं होनार नाई."

मला लगेच सांगवलं नाही. ज्यांच्यासोबत हसलो त्यांनाच सांगायचं होतं. वहिनींना जाऊन संत्र्याचे दोन बहार निघून गेले. परवा टपरीवर तोच विषय निघाला आणि मी सगळं सांगून टाकलं. चहा तसाच राहिला.

संध्याकाळी सर माझ्या दारात उभे. "तुमाले कोनं सांगितलं?"

"वहिनींनी."

वाटलं, आता रागावतील. ते हळूच पायरीवर बसले. "तुमच्यासंग बोलली ती? काय म्हणाली?"

मी सगळं सांगितलं.

"अजून?"

"म्हणाल्या, 'हे रोज मले त्या हाताचं समजावतेत. मले पहिल्याच दिवशी समजलं होतं. पन समजलं म्हटलं तर हे उठून जातीन, म्हणून मी रोज इचारत राहिली.'"

सर हसले.

"पुन्हा सांगा," ते म्हणाले. "तिनं जसं म्हटलं, तसंच सांगा."